चॅपमन म्हटलं की नुसतं आर्सेनलच का?

इंग्लिश फुटबॉल मॅनेजर हर्बर्ट चॅपमनचं नाव निघालं की आपल्याकडचे, लंडनच्या आर्सेनल क्लबचे चाहते लगेच हायबरी (क्लबचं जुनं मैदान), पांढऱ्या बाह्यांची जर्सी आणि क्लबचं नाव मिळालेलं भुयारी रेल्वेचं स्टेशन यांवर येतात. ते सगळं खरंच आहे. पण माझ्या मते या माणसाचं सगळ्यात मोठं काम त्याआधीचं, हडर्सफील्ड टाउन या क्लबचं. त्याबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हडर्सफील्ड म्हणजे यॉर्कशरमधलं लोकरीच्या गिरण्यांचं, रग्बीवेडं गाव. फुटबॉलला माणसं येईनात. १९१९ मध्ये तर क्लब उचलून लीड्सला न्यायचं घाटत होतं. गावाने पैसे उभे केले म्हणून वाचला. लीड्सची जागा रिकामी झाली होती, कारण लीड्स सिटी या तिथल्या क्लबला युद्धकाळात खेळाडूंना बेकायदा पैसे दिल्याच्या प्रकरणात लीगमधून हाकललं होतं. तिथला मॅनेजर चॅपमनच! बंदी त्याच्यावरही आली. पुढे अपिलात ती उठली आणि त्या वेळी हडर्सफील्ड त्याच्या पाठीशी उभं राहिलं.

१९२१ मध्ये त्याने सूत्रं घेतली. तिशी ओलांडलेल्या क्लेम स्टीफन्सन या खेळाडूला ॲस्टन व्हिला क्लबातून आणून संघ त्याच्याभोवती बांधला. पुढच्याच वर्षी एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली.

आणि मग १९२४ च्या मोसमाचा शेवटचा दिवस. लीगमध्ये कार्डिफचा संघ हडर्सफील्डपेक्षा एका गुणाने पुढे. बर्मिंगहॅममध्ये कार्डिफची पेनल्टी हुकली, सामना ०-० सुटला. इकडे हडर्सफील्डने नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-० हरवलं. गुण सारखे, ५७-५७. तेव्हा गोलफरक नव्हे, केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे. भागाकार मोठा तो विजेता. हडर्सफील्डचे ६० भागिले ३३, कार्डिफचे ६१ भागिले ३४; लीग हडर्सफील्डची. स्वतः भागून बघा: तो तिसरा गोल झाला नसता तर कार्डिफ चॅम्पियन!

१९२५ मध्ये पुन्हा विजेतेपद, आणि अख्ख्या मोसमात एकाही सामन्यात दोनपेक्षा जास्त गोल खाल्ले नाहीत. त्याच उन्हाळ्यात तो आर्सेनलला गेला, तरी १९२६ ची लीग हडर्सफील्डनेच जिंकली. सलग तीन, इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच.

आर्सेनलमध्ये असताना त्याने डेव्हिड जॅक या खेळाडूसाठी १०,८९० पौंड मोजले, तेव्हाचा विक्रम. गिरणगावात एवढा पैसा कुठला? म्हणून माझ्या लेखी हडर्सफील्डचं पारडं जड. तो गेल्यानंतर १९२६ चा तो एक मोसम सोडला, तर या क्लबला आजवर पुन्हा लीग जिंकता आलेली नाही.