‘भावना बाजूला ठेवा’ सांगणाऱ्या त्या इस्रायल-पॅलेस्टाईन फॉरवर्डला उत्तर

माझा भाचा अकरावीत आहे आणि कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तो इस्रायल-पॅलेस्टाईनवर बोलणार आहे. परवा त्याने फोनवर भाषण म्हणून दाखवलं आणि सुरुवातीलाच माझ्या लक्षात आलं की हे पोराचं नाहीच, हा तो फॉरवर्ड आहे जो नातेवाईकांच्या, सोसायटीच्या, शाळेच्या जुन्या बॅचच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी मध्येच थांबवलं तर म्हणाला, "मावशी, पण यात चुकीचं काय आहे ते तरी सांग." बरोबर आहे त्याचं, नुसतं ‘असलं काही बोलू नकोस’ म्हणून भागत नाही. म्हणून हे लिहितेय, त्याच्यासाठी आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज न वाचता पुढे ढकललाय त्यांच्यासाठी.

फॉरवर्डमध्ये पाच मुद्दे आहेत. एक, हे वैर हजारो वर्षांचं आहे, द्वेष दोघांच्या रक्तातच आहे. दोन, इस्रायली डोक्याने चालतात आणि पॅलेस्टिनी भावनेने, म्हणून एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला. तीन, भावना बाजूला ठेवून जमीन आणि पैसा असा रोखठोक व्यवहार केला तर आठवड्याभरात सगळं मिटेल. चार, ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना या चर्चेत आणूच नये, ते सूडच मागणार. पाच, गाझातल्या रडणाऱ्या आयांचे व्हिडिओ म्हणजे ठरवून केलेलं नाटक.

पहिल्यावर फार वेळ घालवत नाही. हा वाद साधारण सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. 1897 ला बासेलमध्ये पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यूंना स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणाऱ्यांची परिषद भरली, 1917 ला ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारा बाल्फोर जाहीरनामा काढला, आणि एकाच जमिनीवर दोन राष्ट्रांचा हक्क अशी गाठ तिथून घट्ट होत गेली. 1929 मध्ये हेब्रॉनला 67 ज्यूंची कत्तल झाली, आणि त्याच दिवशी त्याच गावात कित्येक अरब कुटुंबांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवलं. द्वेष रक्तात असता तर ही दारं उघडलीच नसती. 1948 च्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी बेघर झाले, त्यातल्या अनेक घरांत त्या सोडलेल्या घराची किल्ली अजून जपून ठेवलेली आहे. म्हणजे या रागाला तारखा आहेत, गावांची नावं आहेत. ‘रक्तात आहे’ म्हटलं की कुणी काय केलं हे विचारायची गरजच उरत नाही, म्हणून ते वाक्य लोकांना आवडतं.

दुसरा मुद्दा, इस्रायली थंड डोक्याचे. हे लिहिणाऱ्याने 1952 चा जानेवारी वाचलेला नाही. होलोकॉस्टबद्दल, म्हणजे हिटलरच्या जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल, पश्चिम जर्मनीकडून नुकसानभरपाई घ्यायची की नाही यावर तेव्हा इस्रायलच्या संसदेत चर्चा होती. देशात रेशनिंग चालू, तिजोरीत पैसा नाही, लाखो निर्वासित येऊन पडलेले. थंड डोक्याचा हिशोब सांगतो की घ्या पैसे. पण विरोधी पक्षनेते मेनाकेम बेगिन, ज्यांचे आई, वडील आणि भाऊ होलोकॉस्टमध्ये मारले गेले होते, ते जेरुसलेमच्या चौकात उभे राहिले आणि म्हणाले की आपल्या माणसांच्या रक्ताची किंमत घ्यायची नाही. जमाव संसदेवर चालून गेला, दगडांनी खिडक्या फुटल्या, अश्रुधूर थेट सभागृहात शिरला. ठराव शेवटी 61 विरुद्ध 50 असा पास झाला.

आणि आपल्याला तर हे घरबसल्या कळायला हवं, कारण अलिबाग-रेवदंड्याकडून गेलेले बेने इस्रायल ज्यू तिथे आहेत, घरात मराठी बोलणारे लोक. तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांचं ज्यूपण तपासायचा नियम काढला तेव्हा ही माणसं 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. पैसे नको होते, नोकऱ्या नको होत्या, आमच्याकडे संशयाने बघू नका एवढीच मागणी होती, आणि ती सरकारला आणि धर्मपीठाला ऐकावी लागली. मानाचा प्रश्न माणसाला किती आतून हलवतो हे कोकणातून गेलेल्या या लोकांनी तिथे दाखवून दिलंय.

उलट, फक्त भावनेवर चालणारे म्हणून ज्यांना हिणवलंय त्यांच्या नेतृत्वाने 1993 मध्ये इस्रायलला लेखी मान्यता दिली, म्हणजे मूळ पॅलेस्टाईनच्या साधारण 22 टक्के जमिनीवरच आपलं राज्य मागायचं हे मान्य केलं. तो निर्णय बरोबर की चूक यावर पॅलेस्टिनी आजही भांडतात, पण त्यामागे हिशोब नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही.

आता या मुद्द्यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करते, मनात नसलं तरी. रागाने 1993 नंतर हातातोंडाशी आलेली शांतता घालवलीय. फेब्रुवारी 1994 मध्ये एका ज्यू वसाहतवाल्या (इस्रायलने 1967 मध्ये ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँकेत जाऊन वसलेल्या) डॉक्टरने तिथल्या हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घातल्या, नोव्हेंबर 1995 मध्ये एका ज्यू विद्यार्थ्याने पंतप्रधान राबिनना मारलं, 1996 च्या सुरुवातीला हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने बसमध्ये बॉम्ब उडवले आणि मे महिन्यात राबिन यांच्या जागी आलेले शिमॉन पेरेस एक टक्क्याहून कमी फरकाने निवडणूक हरले. भीती आणि संतापाने मतं फिरतात, नेते ती फिरवतात, हे खरंच आहे. पण यात दोन्हीकडची माणसं आहेत, एकीकडे डोकं आणि दुसरीकडे भावना अशी वाटणी यातून कुठेच निघत नाही.

तिसरा मुद्दा मात्र सगळ्यात जास्त डोक्यात जातो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. भाच्यालाही हाच सगळ्यात पटलेला. भावना बाजूला ठेवा, व्यवहार करा.

हे कुणी करून पाहिलेलंच नाही असं नाही. 2007 मध्ये जेरेमी गिंजेस, स्कॉट अट्रन, डग्लस मेडिन आणि पॅलेस्टिनी संशोधक खलील शिकाकी यांचा एक अभ्यास अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या जर्नलमध्ये आला. त्यांनी वेस्ट बँकेतले ज्यू वसाहतवाले, पॅलेस्टिनी निर्वासित आणि पॅलेस्टिनी विद्यार्थी अशा शेकडो लोकांसमोर काल्पनिक तोडगे ठेवले. एकात नुसती तडजोड, म्हणजे जमीन सोडा किंवा परत घरी जायचा हक्क सोडा आणि शांतता घ्या. दुसऱ्यात तीच तडजोड, वर पैसा किंवा भौतिक फायदा. तिसऱ्यात तीच तडजोड, पण समोरचाही त्याला पवित्र वाटणारी एखादी गोष्ट सोडतोय, चूक कबूल करतोय. ज्यांच्यासाठी ती जमीन किंवा तो हक्क विकायची वस्तूच नव्हती, त्यांच्यात पैसा वाढवल्यावर संताप वाढला आणि हिंसेला पाठिंबाही वाढला. समोरच्याने स्वतःचं काहीतरी सोडल्यावर मात्र दोन्ही कमी झालं. आणि हे वसाहतवाल्यांतही झालं, निर्वासितांतही, विद्यार्थ्यांतही.

नंतर अट्रन आणि गिंजेस यांनी नेत्यांनाही हेच विचारलं. हमासचे मुसा अबू मरझूक पैशाचं नाव काढताच चिडले, आम्ही स्वतःला विकत नाही म्हणाले, पण 1948 बद्दल इस्रायलने माफी मागितली तर, असं विचारल्यावर सुरुवात म्हणून ते महत्त्वाचं आहे असं म्हणाले, आणि पुढे हेही जोडलं की नुसती माफी पुरणार नाही, घरं-जमिनी गेल्यात त्यांचं काहीतरी करावं लागेल. नेतान्याहूंना विचारलं की हमाससकट सगळ्या गटांनी ज्यू राष्ट्राचा हक्क मान्य केला तर दोन राष्ट्रांचा तोडगा चालेल का, तेव्हा त्यांनीही चालेल म्हटलं, पण ते मनापासून आहे हे दिसायला हवं, पाठ्यपुस्तकं बदलायला हवीत अशी अट घातली. आता बघा, दोन्हीकडचे सगळ्यात कडक मानले जाणारे हे लोक, आणि दोघांनीही आधी मागितलं काय, तर कबुली. ज्याला फॉरवर्ड बाजूला ठेवा म्हणतोय नेमकं तेच.

तरी जून 2019 मध्ये अमेरिकेने बहरीनला परिषद भरवून 50 अब्ज डॉलर्सची आर्थिक योजना मांडली, राजकीय प्रश्न नंतर बघू म्हणून. पॅलेस्टिनी नेतृत्व तिकडे फिरकलंच नाही. घर जाळणाऱ्याने माफी न मागता रंगाचे डबे पाठवावेत तसं ते त्यांना वाटलं, आणि असं वाटण्यात अडाणीपणा कसला?

जिथे काही जमलं तिथेही भावना बाजूला नव्हती. इजिप्तचे सादात नोव्हेंबर 1977 मध्ये जेरुसलेमला गेले आणि इस्रायलच्या संसदेत उभं राहून म्हणाले की आपल्यामध्ये संशयाची, भीतीची जी मानसिक भिंत आहे ती म्हणजे 70 टक्के प्रश्न. पुढच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला सादात, बेगिन आणि अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांची तेरा दिवस बोलणी चालली. शेवटच्या दिवशी जेरुसलेमवरून बिनसलं, बेगिन, आता इस्रायलचे पंतप्रधान, सगळं सोडून निघायच्या तयारीत. त्यांना तिघा नेत्यांच्या फोटोंवर सह्या हव्या होत्या नातवंडांसाठी. कार्टरनी सेक्रेटरीकरवी नातवंडांची नावं काढली, एकेका फोटोवर एकेक नाव लिहून सही केली आणि फोटो घेऊन स्वतः बेगिनच्या केबिनमध्ये गेले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले, ओठ थरथरले, डोळ्यात पाणी आलं, आणि मग दोघं नातवंडांबद्दल, युद्धाबद्दल बोलले. थोड्या वेळाने अडलेल्या पत्राचा मसुदा बदलून मार्ग निघाला. हे तेच बेगिन, 1952 चे. फोटोंमुळे करार झाला असं मी म्हणत नाही, इजिप्तला सिनाई परत देण्याचा सगळा हिशोब कागदावर होताच, पण तो हिशोब त्या दिवशी सकाळीही होता आणि तरी माणूस निघाला होता.

पाचवा मुद्दा आधी संपवते. रडणं हे नाटक. डिसेंबर 2023 च्या सुरुवातीला जेरुसलेम पोस्टने गाझातल्या एका मेलेल्या बाळाला बाहुली म्हटलं होतं, ते खरं बाळ होतं, आणि पेपरला तो लेख मागे घ्यावा लागला. तसंच 7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या सुमारे 1200 माणसांबद्दल ‘असं काही झालंच नाही’ म्हणणारेही आहेत, तेही याच लायकीचे. गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे जुलै 2025 अखेर तिथले मृत साठ हजारांच्या वर गेले होते. एवढ्या मरणानंतर आई रडतेय ते खरं की खोटं असा प्रश्न सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या तोंडी यावा हे मला सहन होत नाही, म्हणून भाच्याला म्हटलं की बाकी काहीही बोल, हे वाक्य भाषणात आलं तर मी ऐकायला येणार नाही.

राहिला चौथा, घातक म्हणते तो हाच. ज्यांचं माणूस गेलं त्यांना बाहेर ठेवा.

1994 मध्ये इस्रायली यित्झाक फ्रँकेन्थल यांच्या मुलाला, आरिकला, हमासने पळवून मारलं. पुढच्या वर्षी त्यांनी पेरेंट्स सर्कल ही संस्था उभी केली, जिच्यात आज दोन्हीकडची शेकडो शोकग्रस्त कुटुंबं आहेत. इस्रायली रामी एल्हानन यांची मुलगी स्मदार 4 सप्टेंबर 1997 ला जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावरच्या आत्मघाती स्फोटात गेली, चौदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर. पॅलेस्टिनी बस्साम अरामिन यांची मुलगी अबीर, दहा वर्षांची, जानेवारी 2007 मध्ये अनाता गावात शाळेच्या बाहेर दुकानातून गोळ्या-चॉकलेट घेऊन निघाली होती आणि इस्रायली सीमा पोलिसाची रबरी गोळी तिच्या डोक्यात मागून लागली. कुणावरही फौजदारी खटला झाला नाही. बस्साम स्वतः सतराव्या वर्षी तुरुंगात गेलेला, सात वर्षं काढलेला माणूस. तुरुंगात होलोकॉस्टवरची फिल्म पाहायला बसला तेव्हा ज्यूंना मार खाताना बघायला मिळेल म्हणून बसला आणि रडत उठला, हे तो स्वतः सांगतो. अबीर हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा रामी तिथे बस्सामबरोबर होता. आज हे दोघं एकमेकांना भाऊ म्हणतात आणि इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांसमोर, जगभर एकत्र जाऊन आपल्या मुलींबद्दल बोलतात.

सगळे असे होतात असं नाही. सूड मागणारी कुटुंबं आहेत, इस्रायलमध्ये युद्ध चालूच ठेवा म्हणणाऱ्या शोकग्रस्त कुटुंबांचेही मंच आहेत, आणि त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. पण दुःख झालं की सूडच, हा नियम खोटा आहे. इस्रायली माओझ इनॉनचे आईवडील 7 ऑक्टोबरला मारले गेले. पॅलेस्टिनी अझीझ अबू सारा दहा वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ इस्रायली तुरुंगातल्या मारहाणीने गेला. मे 2024 मध्ये, गाझात युद्ध चालू असताना, इटलीतल्या व्हेरोनाच्या प्राचीन रोमन अँफीथिएटरमध्ये या दोघांनी पोप फ्रान्सिससमोर एकमेकांना मिठी मारली. आणि मार्च 1997 मध्ये जॉर्डनच्या एका सैनिकाने सात इस्रायली शाळकरी मुलींना गोळ्या घातल्या तेव्हा राजे हुसेन स्वतः बेत शेमेशला गेले, त्या मुलींच्या घरी जमिनीवर गुडघे टेकून आईबापांची माफी मागितली. 1994 चा जॉर्डन-इस्रायल करार त्यानंतरही टिकला.

अशा लोकांना बाहेर ठेवायची इच्छा फक्त फॉरवर्डवाल्याची नाही. पेरेंट्स सर्कल आणि कॉम्बॅटंट्स फॉर पीस (दोन्हीकडच्या, एकेकाळी लढलेल्या लोकांची शांततावादी संघटना) दरवर्षी इस्रायलच्या स्मृतिदिनाच्या संध्याकाळी दोन्हीकडच्या मृतांसाठी एकत्र कार्यक्रम करतात. 2018 आणि 2019 मध्ये सरकारने पॅलेस्टिनी कुटुंबांना परवाने नाकारले, सुप्रीम कोर्टात जाऊन ते मिळवावे लागले. एप्रिल 2025 मध्ये रानानाच्या एका सिनेगॉगमध्ये लोक हा कार्यक्रम पडद्यावर बघत बसले होते तर बाहेर उजव्या गटाच्या जमावाने दगड फेकले, बघायला आलेल्यांना पोलिसांच्या संरक्षणात बाहेर काढावं लागलं. आत चाललं होतं काय, तर दोन्हीकडचे आईबाप आपापल्या मेलेल्या मुलांची नावं घेत होते.