३ ने भाग जातो, तरीही दोन वर्गांची बेरीज

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. पहिला: सोलापूरच्या ४१३००१ या पिनकोडाला ३ ने भाग जातो आणि अशी संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही, म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे हे माझ्या लेखातलं विधान चूक. दुसरा: पिनकोडात असं काही शोधणं म्हणजे अंकज्योतिष.

पहिल्याचं उत्तर आधी आकड्यांत. ३२४² = १,०४,९७६ आणि ५५५² = ३,०८,०२५. बेरीज ४,१३,००१.

मात्र तुमच्या नियमात तथ्य आहे, तो फक्त अपुरा आहे. कोणत्याही वर्गाला ३ ने भागलं की बाकी ० किंवा १ उरते. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोन्ही बाक्या शून्यच हव्यात, म्हणजे दोन्ही संख्या ३ च्या पटीत हव्यात. मग बेरजेला ९ नेही भाग जाणारच. अडते ती ३ ने भाग जाणारी, पण ९ ने न जाणारी संख्या. सोलापुरातलाच ४१३००४ घ्या: अंकांची बेरीज १२, तिथे तुमचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. ४१३००१ च्या अंकांची बेरीज ९ आहे.

पूर्ण नियम असा: अवयव पाडल्यावर, ज्या मूळ संख्यांना ४ ने भागून बाकी ३ उरते, त्या प्रत्येकीचा घातांक सम हवा. इथे ४१३००१ = ३² × १०९ × ४२१. शेवटच्या दोन्ही मूळ संख्यांना ४ ने भागून बाकी १ उरते, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांत फुटते, हे फ्रेंच गणिती फर्मानं १६४० मध्ये मांडलं होतं. १०९ = १०² + ३², ४२१ = १५² + १४². आता प्राचीन भारतीय गणिती ब्रह्मगुप्ताच्या नित्यसमानतेनं, म्हणजे (अ² + ब²)(क² + ड²) = (अक − बड)² + (अड + बक)² या सूत्रानं, गुणा: १०×१५ − ३×१४ = १०८, १०×१४ + ३×१५ = १८५. उरलेल्या ३² साठी यांची तिप्पट करा: ३२४ आणि ५५५. वजा-अधिक चिन्हांची अदलाबदल केली की १९२ आणि ९५, तिप्पट ५७६ आणि २८५. बरेच जण पहिल्या जोडीवरच थांबतात, पण खरी ताकद दुसरी जोडी मिळाल्यावर येते.

कारण दोन जोड्या हातात असल्या की अवयव माहीत नसले तरी काढता येतात. ही स्विस गणिती ऑयलरची रीत. समातून सम, विषमातून विषम वजा करा: ५७६ − ३२४ = २५२, ५५५ − २८५ = २७०. मसावि १८. भागाकार १४ आणि १५, आणि १४² + १५² = ४२१ हा अवयव समोर! सम-विषम मिसळलं तर फरकच विषम येतात आणि रीत बिघडते.

यात ज्योतिष कुठे आलं? गुणधर्म संख्येचा आहे, शहराचा नाही, आणि प्रत्येक पायरी कागदावर तपासता येते. हीच रीत १०,००,००९ वर चालवून पाहा. तिच्या जोड्या १०००, ३ आणि ९७२, २३५. फरक २८ आणि २३२, मसावि ४, भागाकार ७ आणि ५८. ७² + ५८² = ३४१३, आणि ३४१३ × २९३ = १०,००,००९.