म्हणे बहिणींनी नव्वद दिवसांत हक्क सोडायचा!

सध्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर लाल अक्षरांत 'सुप्रीम कोर्टाचा नवा निर्णय', खाली 'जास्तीत जास्त शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा'. मजकूर थोडक्यात असा: लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित शेतीत वाटा नाही. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर कुठल्याच मुलीला नाही. लग्नात दिलेला हुंडा आणि सोनं हाच तिचा वाटा. सगळ्या बहिणींनी ९० दिवसांत हक्कसोडपत्र करून देणं बंधनकारक, नाहीतर सातबारा ब्लॉक. आणि बहिणीचं नाव चढलं की पीककर्ज बंद. निकालाची तारीख नाही, पक्षकारांची नावं नाहीत. शेवटी कुणा वकिलाचं नाव आहे, तेही नुसतं 'ॲड.' एवढंच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं चालवते. असले मेसेज येतात, मी पुसून टाकते. हा पुसला नाही, कारण तो माझ्या आईला तिच्या सख्ख्या भावाने पाठवलाय, सोबत जोडलेले दोन हात. आजोबा वारले १९९८ साली. आईने मला, घरातल्या वकिलाला, काहीही न विचारता भावाला उत्तर टाकलं, "रजिस्ट्रीले कधी येऊ?"

सगळ्यांत घातक मुद्दा आधी घेते. बहिणीने हक्क सोडलाच पाहिजे, असं कलम कुठल्याही कायद्यात नाही. ९० दिवस कुठून आले असावेत, याचा अंदाज मात्र मला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये तीन महिन्यांची मुदत आहे. ती आहे वारसाने आपल्याला हक्क मिळाल्याचं पटवाऱ्याला कळवण्याची. म्हणजे बाप गेल्यावर बायको, मुलगे, मुली सगळ्यांची नावं चढावीत म्हणून ठेवलेली मुदत या महाशयांनी मुलींची नावं उडवायला वापरली! उशिरा कळवलं म्हणून वारसाहक्क जात नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून मालकी नाही, असंही नाही. तो महसुलाचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा तरी सांगून झालंय.

आता हे हक्कसोडपत्र आपल्याकडे होतं कसं, तेही सांगते. बहिणीला फोन जातो, "वारसाच्या सह्या राह्यल्या, तेवढ्या करून जा." ती एसटीने येते. दस्त टाइप करून तयारच असतो. अर्जनवीस घाईत असतो, आणि वाचून दाखवलं तरी 'राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता' यातलं तिला काय कळावं? फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, तेही भावाच्याच बैठकीतले. मग साडीचोळी आणि पुरणाचं जेवण. पुढे कधीतरी नवरा जातो, किंवा लेकीच्या शिक्षणाला पैसा लागतो, तेव्हा ती वकिलाकडे येते आणि म्हणते, "मी तं वारसाची सही केली होती ना बाई!"

फसवून किंवा दबाव टाकून घेतलेला दस्त रद्द होऊ शकतो, हे खरं आहे. पण त्यासाठी दिवाणी दावा लागतो, तोही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, आणि सिद्ध करायचं तिने. दस्तावर फोटो तिचाच, साक्षीदार तिच्याच माहेरचे. पटवाऱ्याला किंवा तहसीलदाराला नोंदणी झालेला दस्त रद्द करता येत नाही. त्यामुळे सही करून बघू, नंतर पाहता येईल, हे डोक्यातून काढून टाका. मसुदा आधी घरी मागवा आणि ज्याला वाचता येतं त्याच्याकडून वाचून घ्या.

एखाद्या बहिणीला खरंच वावर नको असेल, तर तिने खुशाल सोडावं. अशा बहिणी मी पाहिल्यात. भाऊ कर्जात, सोयाबीन पावसाने गेलेलं, आणि सगळं समजून-उमजून ती म्हणते, राहू दे त्यालाच. त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझा राग आहे तो तिच्या चांगुलपणाला सरकारी मुदत लावणाऱ्यांवर.

लग्न झालेल्या मुली आणि २००५ चा मुद्दा एकाच निकालात निघतो. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, सुप्रीम कोर्ट, ११ ऑगस्ट २०२०, तीन न्यायमूर्तींचं पीठ. मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची वाटेकरी असते. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती त्या वर्षी ९ सप्टेंबरला लागू झाली, त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. लग्न झालंय की नाही, हा प्रश्नच येत नाही. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र न करता ते गेले असतील, तर १९५६ च्या मूळ कायद्यापासूनच मुलगा, मुलगी, बायको आणि आई यांना सारखा वाटा आहे.

यात थोडं तथ्य कुठे आहे, तेही नाइलाजाने सांगते. आपल्या राज्याने १९९४ मध्ये मुलींना वाटा देणारा कायदा केला, तेव्हा त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. जुन्या माणसांच्या डोक्यात तेच बसलंय. २०१५ मध्ये, प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात, सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी वडील हयात हवेत असं म्हटलं होतं, तो निकाल २०२० मध्ये खोडला गेला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाचा मुलीला वाटा नाकारणारा एक निकाल आला, पण त्यातले वडील १९५२ साली वारलेले होते, म्हणजे १९५६ चा कायदा येण्याच्याही आधी. बहुतेक कुणीतरी १९५६ पुसून २००५ लिहिलं आणि गावाला कामाला लावलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या मोडता येत नाहीत, हेही खरं. 'आमची वाटणी तर तोंडीच झाली होती' हे मात्र नुसतं म्हणून चालत नाही, सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. स्वकष्टाची जमीन वडील मृत्युपत्राने हव्या त्याला देऊ शकतात. मेसेजमध्ये मृत्युपत्राचा शब्दही नाही, एवढं गमतीचं.

'सगळ्या बहिणी' म्हणणाऱ्याला हेही ठाऊक नाही, की हा हिंदू वारसा कायदा बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे, पण कलम २(२) प्रमाणे गोंड, कोलाम, कोरकू या अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही. तिथे वेगळा विचार करावा लागतो. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबातल्या मुलीच्या वारसांना समान वाटा दिलाय.

हुंड्याबद्दल काय बोलायचं? हुंडा देणं आणि घेणं दोन्ही १९६१ पासून गुन्हा आहे, कमीत कमी पाच वर्षांची कैद. कोर्टात 'आम्ही हुंडा दिला, म्हणून वाटा नाही' असं लेखी द्यायला कोणी तयार असेल, तर त्याने आधी फौजदारी वकील पाहावा.

राहिलं पीककर्ज. इथे भावांची अडचण खोटी नाही. सामाईक खात्यावर कर्ज काढायला किंवा पीकविमा भरायला इतर खातेदारांची संमतीपत्रं मागतात, आणि बहीण पुण्याला किंवा नागपूरला असली की पेरणीच्या तोंडावर जीव मेटाकुटीला येतो. पण याच्यावर उपाय आहे. सगळे खातेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करता येतो, मग ज्याचं त्याचं खातं वेगळं होतं. धुरा, म्हणजे बांध, कुठून टाकायचा आणि विहिरीकडचा तुकडा कोणाला, यावरून तोंडं वाजतील. ती दोन भावांतही वाजतातच, म्हणून कोणी धाकट्या भावाकडून हक्कसोडपत्र लिहून घेत नाही.