उमेदवाराची मालमत्ता कळते, भूमिका कळत नाही

विधानसभेला उभं राहणाऱ्या प्रत्येकाला नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. गुन्हे किती, बायकोच्या नावावर सोनं किती, जमीन कुठल्या गटात, कर्ज कोणत्या बँकेचं, शिक्षण किती, हे सगळं त्यात येतं. उमेदवाराबद्दल एवढं कळणं हा मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं म्हणून हे आपल्या हातात आलं. चांगलंच झालं. पण पाण्याबद्दल, जमीन संपादनाबद्दल, गावच्या शाळेबद्दल, सोयाबीनच्या भावाबद्दल या माणसाचं स्वतःचं म्हणणं काय आहे, ते सांगणारा एक कागदही आपल्याला मिळत नाही. आपण तो मागतही नाही.

मी मराठवाड्यातला आहे, त्यामुळे आमच्याकडचंच बोलतो. २०२४ च्या नोव्हेंबरात प्रचार चालू होता तेव्हा सोयाबीन क्विंटलला चार हजार, सव्वाचार हजाराच्या आसपास विकत होतं आणि हमीभाव होता ४,८९२. महायुतीतला भाजप किमान सहा हजार म्हणत होता, महाविकास आघाडी सात हजार म्हणत होती. हमीभाव केंद्र सरकार ठरवतं हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग आमदारकीला उभ्या राहिलेल्या माणसाला विचारायचा प्रश्न साधा होता: वरचा फरक राज्याच्या तिजोरीतून देणार का, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करा म्हणून तुम्ही सभागृहात उभे राहणार का? आमच्या तालुक्यात मी चारही मोठ्या उमेदवारांच्या सभांना गेलो. हा प्रश्न कुणी विचारला नाही. भाषणं झाली, घोषणा झाल्या, फेटे बांधले गेले. मतदानाला पाच दिवस राहिले असताना केंद्राने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. पुढे हिवाळ्यात खरेदी केंद्रांवर बारदाना (पोती) नाही म्हणून मापं थांबली. बारदाना वेळेवर पोचवणं तर राज्याच्या यंत्रणेचं काम. त्यावर आपल्या आमदाराने काय केलं, हे विचारायला आपल्याकडे त्याचा आधीचा शब्दच नव्हता.

शक्तिपीठ महामार्गाचंही तेच. मूळ आखणीत वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, आणि त्यात आमच्या पट्ट्यातल्या काळ्या बागायती जमिनी. लोकसभेला कोल्हापूरकडे या रस्त्यावरून लोक चिडलेले दिसले, तेव्हा विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूरपुरती संपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. निकाल लागले, सरकार आलं आणि २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने आखणी आणि भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून जास्त रकमेला मंजुरी दिली. ज्याचं शेत जाणार आहे त्याच्यासाठी हा बांधावरचा प्रश्न आहे. पण पैसा राज्याचा, कर्ज राज्याचं, निर्णय मंत्रिमंडळाचा. म्हणून 'स्थानिक प्रश्न वेगळे आणि राज्याचे वेगळे' ही विभागणी मला पटत नाही. बारा जिल्ह्यांतल्या प्रत्येक उमेदवाराने रस्ता हवा की नको, हवा असेल तर याच आखणीने का, मोबदला किती पट, हे लेखी द्यायला हवं होतं. प्रचारात 'शेतकऱ्यांना विश्वासात घेऊ' एवढंच ऐकायला मिळालं. विश्वासात घेऊन नेमकं काय करणार, ते त्यात कुठंच नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. त्याच आधारावर पैठणच्या जायकवाडी धरणात ठरावीक साठा नसला की नाशिक-नगरकडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असतं. २०२३ च्या ऑक्टोबरात सुमारे ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा नाशिक-नगरमध्ये आंदोलनं झाली आणि इकडे मराठवाड्यातही झाली. दोन्हीकडच्या मोर्चांत त्याच त्या पक्षांचे नेते. पैठणला उभा असलेला म्हणतो हक्काचं पाणी सोडा, कोपरगावला उभा असलेला म्हणतो एक थेंब जाऊ देणार नाही, आणि दोघांच्या हातात जाहीरनामा एकच. त्या जाहीरनाम्यात या वादावर एक ठाम वाक्य शोधून दाखवा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना गोलमोल बोलून भागत नाही हे कळायला हवं.

काही जण म्हणतात, पक्षाचा जाहीरनामा असतो की, उमेदवाराची वेगळी भूमिका कशाला? मला हे म्हणणं आता अजिबात मान्य नाही. २०१९ ला आपण ज्या चिन्हावर शिक्के मारले, त्यातली शिवसेना २०२२ च्या जूनमध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३ च्या जुलैमध्ये. आमदार इकडचे तिकडे झाले. मग मतदाराने ज्या जाहीरनाम्याला मत दिलं तो कुणाकडे राहिला? पक्ष मोडला तरी माणूस तोच असतो, त्याची सही तीच असते. सहीचा कागद हातात असेल तर बोलायला काहीतरी उरतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मला नीट घ्यायचा आहे. १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षादेश (व्हिप) निघाला की आमदाराला त्याच्याविरुद्ध मत देता येत नाही, दिलं तर आमदारकी जाण्याची वेळ येते. मग त्याच्या वैयक्तिक भूमिकेला किंमत काय? किंमत आहे, कारण विधानसभेचं काम फक्त मतदानाचं नाही. मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागेल असा तारांकित प्रश्न लावता येतो. तातडीच्या विषयावर लक्षवेधी मांडता येते. खात्याच्या खर्चाच्या मागणीवर कपात सूचना देता येते, अर्धा तास चर्चा मागता येते, स्वतःचं अशासकीय विधेयक आणता येतं, समितीत मतभेदाची टिपणी जोडता येते. यातल्या कशालाही पक्षादेश आडवा येत नाही. आमदार निधी वर्षाला पाच कोटी. त्यातून सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवे होतात. मतदारसंघाचा खरा प्रश्न त्या पाच कोटींत मावत नाही, तो प्रश्नोत्तराच्या तासात मांडावा लागतो. आणि आपण उमेदवाराला विचारतो काय? 'आमच्या गल्लीत दिवा कधी बसणार?' दिवा ग्रामपंचायतीने बसवायचा असतो. आमदाराने कायदा वाचायचा असतो.

कायद्यावरून आठवलं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे. जनसुरक्षा विधेयक २०२४ च्या जुलैमध्येच सभागृहात आलं होतं. चार महिन्यांनी निवडणूक होती. एखाद्या संघटनेला सरकारने बेकायदा ठरवायचं, मग तिच्याशी संबंध आहे म्हणून माणसाला तुरुंगात घालता येईल, एवढा मोठा विषय. राज्यभर किती उमेदवारांना यावर विचारलं गेलं? आमच्याकडे तर कुणाच्या तोंडून ते नावही ऐकलं नाही. निवडणुकीनंतर विधेयक पुन्हा आलं, संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती लोकांनी पाठवल्या, आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केलं. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. विधेयकाच्या बाजूने असा किंवा विरुद्ध असा, मला त्यांच्याबद्दल एक आदर वाटतो, कारण त्यांच्या मतदारांना आपला आमदार कुठे उभा आहे हे कळलं. बाकीच्यांचे मतदार अंदाज बांधत बसले. पहिलीपासून हिंदीचा निर्णयही असाच. १६ एप्रिल २०२५ ला आदेश निघाला, लोक उठले, २९ जूनला मागे घेतला गेला. शाळेच्या भाषाधोरणावर प्रचारात एकाही उमेदवाराला बोलतं केलं असतं, तर अडीच महिने पालकांना रस्त्यावर यावं लागलं नसतं.

लाडकी बहीणबद्दलही सरळ बोलतो. माझ्या घरात त्या पंधराशेचा उपयोग होतो, त्यामुळे योजनेला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. पण एकवीसशे म्हणणारा आणि तीन हजार म्हणणारा, दोघांनाही पुढचा प्रश्न पडायलाच हवा होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पंधराशेच्या हिशेबानेच ३६ हजार कोटी ठेवावे लागले. वाढवायचं तर कुठून? कुठल्या खात्यातून कापणार, की कर्ज काढणार? हे विचारणं म्हणजे बायकांच्या पैशावर डोळा ठेवणं नव्हे. माझी मावशी हा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला विचारेल, कारण तिच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात औषधं नसतात तेव्हा पदरचे पैसे तिलाच घालावे लागतात.

पुढची विधानसभा २०२९ ला आहे, तोवर थांबायचं कारण नाही. आम्ही आठ-दहा जणांनी मिळून आमच्या आमदारांना पत्र लिहायचं ठरवलं आहे. शक्तिपीठची आखणी, जायकवाडीचं पाणी, सोयाबीनच्या भावातला फरक, वीसपेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा आणि कर्जमाफी. प्रत्येक विषयावर तुमचं म्हणणं काय, आणि गेल्या अधिवेशनात त्यावर कोणता प्रश्न लावला, एवढंच विचारणार आहोत. उत्तर आलं तर जसंच्या तसं इथे टाकेन. नाही आलं तर तेही तारखेसह टाकेन. हेच पत्र पराभूत झालेल्या उमेदवारांनाही जाणार आहे, कारण पुढच्या वेळी तेच पुन्हा हात जोडून दारात येणार आहेत. तुमच्या मतदारसंघातून पाठवायचं असेल तर मजकूर कमेंटमध्ये देतो, तुमचे स्थानिक विषय त्यात घाला.