लॅक्टिक ॲसिड: फॉर्म्युला सेम असला तरी माल सेम नसतो

आपल्या बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय: "लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरियाने बनवा नाहीतर केमिकलने, फॉर्म्युला एकच, बायोप्लास्टिकवाले उगाच लुटतात, वर मातीतले जंतू पोटात घालतात." नंदेसरीत केमिकलमध्ये नोकरी करणारी मंडळीसुद्धा पुढे ढकलतायत, म्हणून लिहितेय.

फॉर्म्युला एकच, हे खरं. पण लॅक्टिक ॲसिड दोन प्रकारचं असतं, एल आणि डी, अणू तेच नि तेवढेच, फक्त रचना डाव्या-उजव्या चपलेसारखी उलटी. केमिकल पद्धतीत ॲसिटाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइडपासून लॅक्टोनायट्राइल करतात, ते फोडलं की एल-डी निम्मं-निम्मं येतं. बॅक्टेरियातलं एन्झाइम मात्र एकाच बाजूचं ॲसिड करतं, मातीत सापडणारा बॅसिलस कोॲग्युलन्स एल देतो, स्पोरोलॅक्टोबॅसिलस इन्युलिनस डी देतो.

आता फरक काय पडतो? लॅक्टिक ॲसिड साखळीत जोडून जे बायोप्लास्टिक होतं ते पीएलए. नुसत्या एलचं पीएलए स्फटिक धरतं, साधारण १७५ डिग्रीला वितळतं, आणि निम्म्या-निम्म्याचं स्फटिक धरतच नाही, ५०-६० डिग्रीला मऊ पडतं, म्हणजे चहाच्या कपाला बाद. शुद्ध एलचं आणि शुद्ध डीचं पॉलिमर वेगवेगळं करून मिसळलं तर वितळणं २२० च्या पुढे जातं! म्हणून दोन्ही हवेत, पण वेगवेगळे.

"जंतू पोटात" हे तर साफ चूक. बॅक्टेरिया शोधताना मातीचा नमुना पाण्यात कालवून ८० डिग्रीला दहाएक मिनिटं ठेवतात, स्पोअरवाले (गरमीत टिकणारं कवच धरणारे) तेवढे जगतात, मग कॅल्शियम कार्बोनेट घातलेल्या पांढुरक्या प्लेटवर वाढवतात, ज्या कॉलनीभोवती प्लेट पारदर्शक होते तिथे ॲसिड तयार झालंय. ते एल की डी हे त्या वलयावरून कळत नाही, त्याला कायरल कॉलम, म्हणजे एल आणि डी वेगळे करून दाखवणारी नळी लागते. पुढे टाकीत वाढते ती ही एकच निवडलेली जात, माती नव्हे, आणि शेवटी पेशी गाळून ॲसिड शुद्ध करतात.

लुटतात म्हणाल तर कोॲग्युलन्स ५० डिग्रीच्या वर काम करतो, त्या गरमीत बाकीचे जंतू फारसे टिकत नाहीत, निर्जंतुकीकरणाचा खर्च वाचतो. शिवाय तो झायलोजही खातो, म्हणजे कपाशीच्या काड्यांतली साखर वापरता येते.

हां, बॅक्टेरियाचं म्हणजे शुद्धच, असंही कुणी धरू नका, लॅक्टोबॅसिलस प्लांटारम एल-डी दोन्ही करतो. आणि खरा त्रास मेसेजात आलाच नाही: टाकीत साचणारा आंबटपणा चुन्याने न्यूट्रल करून नंतर सल्फ्युरिकने ॲसिड सोडवलं की टनभर लॅक्टिक ॲसिडमागे जवळपास टनभर जिप्सम उरतं. आंबटपणा सोसणारे स्ट्रेन (बॅक्टेरियाच्या जाती) आणि ॲसिड वेगळं करणारे मेम्ब्रेन (पडदे) यांवर काम चाललंय ते त्यासाठीच.