ऑक्सिमीटरवरचे ९८ : एका प्रतिक्रियेला उत्तर

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभारी आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ऑक्सिमीटर ९८ दाखवत असताना ‘तरीही ऑक्सिजन कमी पडू शकतो’ असं लिहिणं म्हणजे लोकांना उगाच घाबरवणं. शंका आलीच तर चार खोल श्वास घ्यावेत, आणि खरंच कमी पडला तर ओठ-नखं निळी पडून कळतंच.

पहिल्या मुद्द्यावर मी ठाम आहे. ९८ हा टक्का आहे. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातल्या किती जागा ऑक्सिजनने भरल्यात, एवढंच तो सांगतो. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, याचा त्याला पत्ताच नसतो. हिशेब करून बघा. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. ज्याचं हिमोग्लोबिन १५ आहे (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम) त्याच्या तेवढ्या रक्तात ९८ टक्क्यांना जवळपास २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ज्याचं ७ आहे त्याच्या तेवढ्याच रक्तात ९ च्या आसपास. यंत्र मात्र दोघांनाही ९८ दाखवू शकतं. बसल्या जागी दुसऱ्याचंही भागतं, कारण विश्रांतीत शरीर धमनीतून आलेल्या ऑक्सिजनपैकी एरवी पाव हिस्साच वापरतं. जिना चढायला लागला की धाप लागते.

कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट याहून वाईट. बंद खोलीत कोळसा धुमसत असेल तर हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. उरलेल्या जागांवर जो ऑक्सिजन असतो, तोही मग पेशींपाशी सहजासहजी सुटत नाही. आणि बोटातून लाल व अवरक्त असे दोनच प्रकाश आरपार सोडणाऱ्या साध्या ऑक्सिमीटरला हे हिमोग्लोबिन जवळजवळ ऑक्सिजन भरलेल्यासारखंच दिसतं. माणूस बेशुद्ध पडतोय आणि आकडा झकास! अशा वेळी आकडा बघत बसू नये, आधी माणसाला मोकळ्या हवेत न्यावं आणि लगेच मदत बोलवावी.

सायनाइडच्या विषबाधेत रक्त ऑक्सिजनने भरलेलं असतं, पण पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही. हृदयाचा जोर कमी पडला तर भरलेलं रक्तच पुरेसं पोचत नाही. फुप्फुसांचे आजार किंवा उंच पहाड असेल तर मात्र आकडा खरोखर घसरतो. तिथे ऑक्सिमीटर फार कामाचं यंत्र आहे, हे तुमचं बरोबर.

खोल श्वासांचं म्हणाल, तर ९८ टक्के जागा आधीच भरल्यात; आणखी भरणार कुठे? हिमोग्लोबिनशिवाय नुसता विरघळलेला ऑक्सिजन १०० मिलिलिटर रक्तात ०.३ मिलिलिटर, म्हणजे नगण्य. उलट भराभर खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते.

राहिला निळेपणा. तो ठळक दिसायला १०० मिलिलिटर रक्तात साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं. ज्याच्याकडे एकूणच ६ ग्रॅम आहे, तो निळा पडण्याआधीच दगावेल. त्याच्याकडे पाहून दिसतो तो फिकटपणा. खालची पापणी ओढून बघा, आणि रक्ताच्या साध्या तपासणीत हिमोग्लोबिन किती येतं ते पाहा.