ओल दिसली की रंग द्या

400 चौरस फुटांच्या घरासाठी 20 वर्षांचं कर्ज काढणारा मुंबईकर नळाच्या वॉशरवरून प्लंबरशी 20 रुपयांची हुज्जत घालतो. लोक त्याला हसतात. पण मोठी रक्कम बँक दर महिन्याला न विचारता कापून नेते, तिथे बोलायला वाव नसतो. घासाघीस करायला बिचाऱ्याकडे वॉशरच उरतो. तेव्हा अजिबात लाजू नका. कमीत कमी पैशांत आणि शक्यतो दुसऱ्याच्या पैशांत घर कसं राखावं, याचं हे थोडं मार्गदर्शन.

आधी ओल. छताच्या कोपऱ्यात किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर एक पिवळसर डाग उमटतो. मग रंगाला फोड येतात, लोणा धरतो आणि सकाळी केर काढताना पांढरी भुकटी निघू लागते. अशा वेळी अडाणी माणूस पाणी कुठून येतंय ते शोधायला लागतो. तुम्ही शोधू नका. पाणी शोधलं की सापडतं आणि सापडलं की खर्च निघतो. त्यापेक्षा डागावर कॅलेंडर लावा. डाग कॅलेंडरच्या बाहेर आला की लग्नातला मोठा फोटो. तोही पुरेना झाला की कपाट सरकवा. कपाटाची पाठ प्लायची असते, ती वर्षभर निमूटपणे पाणी पिते. पुढे कधीतरी साड्यांना कुबट वास येऊ लागतो, पण तोवर एक वर्ष तर सुटलं ना!

वरच्या मजल्यावर जाण्याची वेळ आलीच तर मोजकं बोला.

"काका, आमच्या छतातून पाणी गळतंय."

"आमच्याकडून? अहो, आमच्याकडे खडखडीत कोरडं आहे. या ना, बघा."

तुम्ही बघता, तर खरंच कोरडं असतं. पाणी तुमच्याकडे उतरलंय, ते वर कशाला थांबेल? लाद्यांच्या सांध्यांतलं व्हाइट सिमेंट मात्र बरंचसं उडालेलं असतं, कारण काकू नियमाने ॲसिड टाकून बाथरूम लख्ख करतात आणि ॲसिड मळाबरोबर सिमेंटही खातं. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेला करंगळी जाईल एवढी फट पडलेली असते. सांधे खरवडून त्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी न शिरू देणारं भरण) भरलं आणि ट्रॅपची कड नीट बुजवली, तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. खात्री करायची तर ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये इंचभर पाणी 24 तास साठवायचं आणि खाली डाग ओला होतो का ते पाहायचं. पण हे काकांना चुकूनही सुचवू नका. "मग 24 तास आंघोळीला कुठे जायचं, तुमच्याकडे?" असं ते विचारतील, आणि तुमच्या घरी सकाळी आधीच रांग असते.

त्यानंतर सोसायटीकडे अर्ज. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाटणी करून ठेवलेली आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी सोसायटीच्या खर्चात; संडास, बाथरूम, सिंक यांची आतली गळती सभासदाच्या. म्हणजे गळती बाहेरची आहे असं तुम्ही म्हणायचं, ती आतलीच आहे असं सेक्रेटरींनी म्हणायचं, आणि गळती वगैरे काही नाही, तुमच्या एसीचं पाणी आहे, असं वरच्या काकांनी म्हणायचं. तिघंही आपापलं काम चोख बजावतात. त्यात दोन पावसाळे निघतात आणि कुणाचा एक पैसाही जात नाही. याहून स्वस्त दुरुस्ती मुंबईत अजून निघायची आहे.

घराला रंग मात्र गणपतीच्या आधीच काढायचा. जुलै हा मुंबईत सर्वांत जास्त पावसाचा महिना, सांताक्रूझची त्या महिन्याची सरासरीच 800 मिलिमीटरच्या पुढे जाते. बरणीत मिठाचे खडे होतात, टॉवेल वाळत नाही, दारं फुगून लागत नाहीत. नेमक्या त्या मुहूर्तावर भिंतीला पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यायचे. भिंतीच्या पोटात मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधत असतं. वरून प्लॅस्टिक पेंट बसला की ते आत कोंडतं आणि दसऱ्यापर्यंत रंग टम्म पोळीसारखा फुगतो. अनुभवी रंगारी सांगून बघतो की आधी गळती बंद करा, भिंत सुकू द्या, उन्हाळ्यात काढू. त्याचं ऐकू नका. उन्हाळ्यात आपण गावाला असतो, आणि पाहुणे आरतीला येतात, मे महिन्यात भिंती बघायला कोण येतंय? पैसे फारच कमी असतील तर मखरामागची भिंत सोडूनच द्या. तिच्यावर पडदा येतो, पडद्यावर लाइटिंगच्या माळा येतात, आणि बाप्पाची पाठच असते तिकडे.

मिस्त्री नाक्यावर सकाळी भेटतो. तिघांना दर विचारा आणि ज्याने घर न बघताच दर सांगितला त्याला घ्या. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, पाइपलाइन भिंतीतून गेली आहे का, असले प्रश्न विचारणारा माणूस पुढे हटकून महागात पडतो.

सामान मात्र स्वतः आणा, कारण मिस्त्री कमिशन खातो अशी आपली देवावर नसेल इतकी श्रद्धा असते. लोहार चाळ गाठा. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या त्या गल्ल्यांत वायर, स्विच, नळ घाऊक भावात मिळतात हे खरंच आहे. रविवारी गेलात तर बहुतेक शटर खाली दिसतील, म्हणून कामाच्या दिवशी अर्धी रजा टाका. हातगाड्या चुकवत, तीन दुकानांत भाव काढत एक पितळी बॉल व्हॉल्व्ह 90 रुपये स्वस्त पाडा आणि गर्दीच्या लोकलमध्ये छातीशी धरून घरी आणा. मिस्त्री तो पाइपाला लावून बघतो. उलटा करून परत लावून बघतो. मग शांतपणे म्हणतो, "साब, ये तो पौना इंची है. अपने को आधा मंगता." एवढं बोलून तो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून अर्धा इंची घेऊन येतो, छापील किमतीला. पाऊण इंचीवाला माळ्यावर ठेवा. तिथे आधीचे दोघे असतील.

फरशी बदलायची तर जुनी लादी उखडू नका. उखडायची म्हणजे मजुरी आली, धूळ आली, डेब्रिजच्या गोण्या आल्या. त्यापेक्षा लादीवर लादी. याचा हिशोब सोपा आहे. दोन इंच सिमेंट-वाळूचा मसाला आणि वर लादी म्हणजे चौरस मीटरला 100 किलोच्या वर वजन. 10 बाय 12 ची खोली भरते साधारण 11 चौरस मीटर. म्हणजे टनापेक्षा जास्त. सिमेंटच्या 50 किलोच्या 22 गोण्या खोलीभर मांडून ठेवल्या, त्याही कायमच्या, खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर. वरच्यांनी तुमच्या डोक्यावर तेच करून ठेवलेलं असतं, तेव्हा फिट्टंफाट. मसाल्याऐवजी टाइल ॲडहेसिव्हचा पातळ थर दिला तर वजन पुष्कळ कमी होतं. पण ॲडहेसिव्हला पैसे पडतात, आणि मागच्या कामाची वाळू जिन्याखाली अजून पडलेली आहे, ती वाया का घालवायची? दारं घासू लागली की खालून तासून घ्या. बाथरूमलाही हाच न्याय लावलात तर तिथली पातळी हॉलच्या वर येते आणि आंघोळीचं पाणी जाळीकडे न जाता सोफ्याकडे निघतं. त्यावर जाड पायपुसणं हा उपाय आहे.

आता स्लॅब. समुद्राची खारी हवा आणि वरून झिरपणारं पाणी आतल्या सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीटला आतून फोडते. मग पंख्याच्या आजूबाजूला पोपडे सुटतात. खरी दुरुस्ती करायची तर सैल झालेलं सगळं ठोकून पाडायचं, सळई तारेच्या ब्रशने घासायची, तिला गंजरोधक लावायचं आणि वर पॉलिमर मॉर्टर भरायचं. हे सगळं करून शेवटी दिसतं काय? पुन्हा तोच स्लॅब. त्याच्याऐवजी फॉल्स सीलिंग करा. पांढरंशुभ्र पीओपी, कडेने एलईडीची पट्टी, मधोमध झुंबराला जागा. वर काय चाललंय ते यापुढे कुणालाच दिसत नाही. रात्री कधी वरून टप्प असा आवाज येतो, तेव्हा घरातले कूस बदलत म्हणतात, पाल असेल.

सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, विषय काढला तर हाणून पाडा. उपविधी सांगतात की 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी व्हावं. पण सर्वसाधारण सभेत उठून "तपासलं की काहीतरी निघणारच हो" एवढं म्हटलं की माना डोलतात आणि विषय पार्किंगवर जातो.

हॉल मोठा हवा असेल तर मधली भिंत काढा. मिस्त्री बोटाच्या पेराने टकटक करतो, कान लावल्यासारखं करतो आणि निकाल देतो, "कुछ नहीं साब, पार्टिशन है." हीच त्याची पदवी आणि हाच इमारतीचा नकाशा. काही शंकेखोर माणसं अशा वेळी घाटकोपरचं नाव काढतात. 25 जुलै 2017, दामोदर पार्कमधली साईदर्शन इमारत, तळमजल्यावर चाललेलं नूतनीकरणाचं काम, कोसळलेली इमारत, 17 बळी. असल्या आठवणी काढणाऱ्यांना चहा देऊन वाटेला लावा. तुमचा एल आकाराचा सोफा ऑर्डर करून झालेला आहे.

वायरिंगबद्दल थोडक्यात. एसी आणि गीझर एकदम लावले की एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडतो. 16 अँपिअरचा पडत असेल तर 32 चा बसवा, वायर तीच ठेवा. आता एमसीबी पडत नाही, वायर तापते. पण ती भिंतीच्या आत तापते, तुम्हाला त्याचा काहीच त्रास नाही.

उरलेल्या डेब्रिजचं काय करायचं? महापालिका पैसे घेऊन ते उचलून नेते, पण पैसे द्यायचे असते तर तुम्ही हा लेख कशाला वाचला असता! चार गोण्या जिन्याच्या वळणावर ठेवा, दोन मीटर-रूमच्या मागे. दिवाळीच्या साफसफाईत त्या सोसायटीच्या झालेल्या असतील.

इतकं करून घर भाड्याने द्यायचं असेल तर ऑक्टोबरात द्या. तेव्हा भिंती सुकत आलेल्या असतात, डागांवर ताजा हात फिरवलेला असतो, आणि बघायला आलेलं जोडपं खिडकीतून दिसणारी सव्वा फूट हिरवळ पाहून खूश होतं. करार 11 महिन्यांचा, म्हणजे जून-जुलै त्यांच्याच वाट्याला. ते फोन करून ओल आल्याचं सांगतील. "वरच्यांशी बोलतो" म्हणा. ऑगस्टअखेर चावी परत घेताना भिंत नीट निरखून बघा, डागांचे चारपाच फोटो काढा, आणि रंगकामाचे पैसे त्यांच्या डिपॉझिटमधून कापून घ्या.